बुंध्याला लागलेले फणस

आपल्या पणजोबांचे पणजोबाही जन्मले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. मुलांनो, तुम्ही ऐकाच. आणि मोठ्यांनो, तुम्ही तर जरा कान देऊन ऐका.

समुद्रकाठच्या एका गावात माडावर चढून नारळ पाडणारा एक माणूस राहत होता. तो इतका सरसर चढे की खाली उभं राहून बघणाऱ्यांच्या माना दुखत. घरी तो आणि त्याची बायको, दोघंच. मूलबाळ नव्हतं.

एके दिवशी माडाच्या मध्यावर त्याचा पाय थरथरला. असं पहिल्यांदाच झालं. खोडाला मिठी मारून तो तसाच थांबला. पडण्याची नव्हे, त्याला भीती वाटली ती पुढच्या दिवसांची. चढणं थांबलं की चूल कशी पेटायची? कुणापुढे हात पसरायचा?

त्याच सुमारास राजाने दवंडी पिटवली. प्रत्येक कष्टकऱ्याला म्हातारपणासाठी जमिनीचा एक तुकडा मिळणार होता. त्यात कुठल्याही एकाच जातीची झाडं लावायची आणि एकदा लावली की बदलायची नाहीत, एवढीच अट.

गावच्या पाटलाने माड लावले. झालं! पाटलाने लावले म्हणून साऱ्या गावाने माड लावले. नारळाला भाव होता, फळ बारमाही होतं. त्यात वावगं असं काहीच नव्हतं.

आपल्या नारळ पाडणाऱ्याने मात्र फणसाच्या आठळ्या पेरल्या.

त्याचा शेजारीही माडावर चढणाराच, आणि त्यालाही मूलबाळ नव्हतं. तो पोट धरधरून हसला. "अरे गड्या, जन्म गेला तुझा माडावर, आणि लावतोस फणस? पाटलांपेक्षा तुला जास्त कळतं होय?"

"पाटलांना चार मुलगे आहेत, ते चढतील. माझ्या माडावर कोण चढणार? मी म्हातारा होईन तसतसा माड उंच होत जाईल. फणस जुना झाला की पार बुंध्याला धरतो. मला जमिनीवर उभं राहून हात पोचेल असंच झाड हवं."

"आणि तोवर काय खाशील?"

"तोवर पाय आहेत की माझे!"

दिवसभर तो लोकांचे नारळ पाडी आणि संध्याकाळी खांद्यावर कावड घेऊन रोपांना पाणी घाली. गावातले माड आधी धरले. बायकोचा धीर सुटला. "अहो, शेजारी नारळांचा ढीग लागलाय, आणि आपली झाडं नुसती पानं दाखवताहेत!"

त्याचेही डोळे भरून आले, पण खांद्यावरची कावड त्याने खाली ठेवली नाही. "अगो, आपल्याला आजची नको, थकल्यावरची सोय हवी आहे," एवढंच तो म्हणाला आणि पुढच्या रोपाकडे वळला.

वर्षं सरली. दोन्ही शेजाऱ्यांचे गुडघे गेले. पाटलाचं उत्तम चाललं होतं. त्याचे मुलगे माडावर चढत होते. फणसाच्या बागेतही बुंध्याबुंध्याला फणस लगडले होते. म्हातारा बसल्या बसल्या ते काढी, म्हातारी फणसपोळ्या वाळवून विके आणि पावसाळ्यासाठी आठळ्या साठवून ठेवी. कुणाच्या दारात जायची वेळ त्यांच्यावर आली नाही.

शेजाऱ्याचे माडही नारळांनी वाकले होते. तो खाली उभा राहून वर बघत बसे. चढणारे मनाला येईल तेव्हा येत आणि अर्धे नारळ मजुरीत नेत. उरलेल्यात त्याचं भागत नसे.

एका दुपारी तो काठी टेकत फणसाच्या बागेत आला. बुंध्याला लागलेल्या एका फणसावरून त्याने हात फिरवला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "गड्या, मी पाटलांची झाडं बघितली. माझे पाय बघितले नाहीत."

म्हाताऱ्याने फणस फोडला आणि गऱ्यांचं पान त्याच्यापुढे सरकवलं.

तात्पर्य : म्हातारपणाची तरतूद दुसऱ्याचं बघून नव्हे, तर आपली गरज ओळखून आणि हातपाय चालत असतानाच करावी.