तीनदा झाडलेले पंख

उंच डोंगराच्या ऐन कड्यापाशी एक अंजनीचे झाड होते, आणि त्याच्या ढोलीत रानमाश्यांचे मोठे पोळे नांदत होते. वर कड्याच्या कपारीत दुसरे पोळे होते. दोन्हीकडच्या माश्या दिसायला अगदी सारख्या : तोच तपकिरी रंग, तेच पट्टे, तीच गुणगुण. सारे रान त्यांना ‘डोंगरमाशी’ या एकाच नावाने ओळखी. अंजनीच्या खोडावर एक सरडा राहत असे. तो माश्या खाई, हे मी तुमच्यापासून लपवणार नाही, मुलांनो. पण खाण्यासाठी का होईना, त्यांच्याकडे इतके निरखून दुसरे कोणीच पाहत नसे.

एके दिवशी कपारीवर गांधीलमाश्या तुटून पडल्या. त्यांनी राणीला मारले, अळ्या उचलून नेल्या. वाचलेल्या माश्या ढोलीच्या दाराशी आल्या. ढोलीची राणी मनाची मोठी. ती म्हणाली, “या गं बायांनो. रंग एक, पट्टे एक, मग घरही एकच.” तिने त्यांना आत घेतले, इतकेच नव्हे तर दारावर पहाऱ्यालाही बसवले.

तेव्हा खोडावरून सरडा म्हणाला, “राणीसाहेब, जरूर घ्या आत. पण त्या तुमच्या जातीच्या नाहीत. त्यांच्या पंखावरची एक शीर वाकडी आहे, तुमची सरळ. आणि त्यांची खूणही वेगळी. संकट आलं की तुम्ही तीनदा पंख झाडता, त्याही झाडतात. तुमच्यात त्याचा अर्थ ‘या, बिलगा, शत्रूला घेरा’. त्यांच्यात ‘घर सोडा, पळा’.”

पहाऱ्यावरची ढोलीतलीच एक म्हातारी माशी भडकली. “स्वतः घडोघडी रंग बदलतोस, आणि आमच्यात भेद पाडतोस? म्हणे जात वेगळी!”

“भेद पाडत नाही, बाई. फरक सांगतोय. तुमचं पोळं उठलं तर मीही उपाशीच मरेन.”

“सरड्याची धाव कुंपणापर्यंत!” आतून कोणीतरी टोमणा मारला, आणि पोळेभर हशा पिकला. घाबरलेल्या पाहुण्यांपैकी मात्र एकीलाही कोणी विचारले नाही, की बाई, हे खरे का?

तिसऱ्या दिवशी भर दुपारी दारासमोर एक गांधीलमाशी येऊन घोंगावू लागली. पहाऱ्यावर कपारीतली माशी होती. कपारीत दिसले होते तेच पिवळे तोंड तिने ओळखले. तिने तीनदा पंख झाडले.

मग जे झाले ते भयंकर होते. ढोलीतल्या माश्या शत्रूला घेरायला दाराकडे धावल्या, कपारीतल्या जीव घेऊन बाहेर पळू लागल्या. अरुंद दारात दोन्ही लोंढे अडकले. “पळा!” “बिलगा!” कोणाला काहीच कळेना. गांधीलमाशी दारातच बसून एकेकीचे डोके तोडू लागली. आत अंधारात अळ्या उघड्या पडल्या, आणि त्यांच्यापाशी राणी एकटीच उभी राहिली.

त्या चेंगराचेंगरीत म्हातारीला सरड्याचे शब्द आठवले. पळू पाहणाऱ्या पहारेकरणीचा पाय तिने घट्ट धरला. “पोरी, आमच्यात याचा अर्थ ‘पळा’ असा नाही. ‘धरा’ असा आहे. माझ्याबरोबर धर!” एवढे बोलून तिने गांधीलमाशीवर उडी घेतली. पोरगी रडत रडत तिच्या मागे गेली. ते पाहून बाकीच्या पाहुण्याही वळल्या. शेकडो अंगांचा एक गोळा झाला, तो तापत गेला, आणि त्या उष्णतेने गांधीलमाशी आतल्या आत मेली.

गोळा सुटला तेव्हा म्हातारी माशी तुटल्या पंखानिशी खाली पडली, ती नेमकी सरड्याच्या तोंडापाशी. तिच्यात प्राण नव्हता. सरड्याने तिला तोंड लावले नाही.

त्या दिवसापासून ढोलीच्या दारात दोन माश्या जोडीने पहारा करतात, एक इकडची, एक तिकडची. गांधीलमाश्यांची भीती अजून गेलेली नाही. त्या पुन्हा येणारच. पण आता दाराशी कोणी नवी माशी आली, की “तू कोणासारखी दिसतेस?” असे तिला कोणी म्हणत नाही. पहारेकरणी हळूच तीनदा पंख झाडतात आणि विचारतात, “तुमच्यात याचा अर्थ काय गं?”

तात्पर्य : फरक ओळखणे म्हणजे भेद पाडणे नव्हे; ज्याला आपले म्हणायचे, त्याचे वेगळेपण आधी विचारून घ्यावे.