भागूबाई विचारते

“पण यात माझं चुकलं कुठे, मास्तर?”

शर्वाणीचा आवाज चढला होता. चार वर्षं धनगरवाडे पालथे घालून तिने अकराशे वनस्पती संगणकात आणल्या होत्या. झाडाला गाव जोडलेलं, गावाला आजार, आजाराला औषध सांगणारं माणूस. असं काम जिल्ह्यात कुणी केलं नव्हतं.

समोर शेणई मास्तर. ऐंशीचे. पान कसं ओळखायचं, हे तिला त्यांनीच शिकवलेलं.

आणि दाराशी भागूबाई झोरे, निघायच्या तयारीत. तिच्या म्हशीची कास सुजली होती. तिची आई कासेला कुठलीशी वेल लावायची. मरण्याआधी म्हातारीने ती शर्वाणीला सांगितली होती, म्हणून भागूबाई दोन डोंगर उतरून आली. संगणकाने तिला वेलीचं शास्त्रीय नाव विचारलं.

“मावशी, थांबा. मी काढून देते.”

“आज तू हायस. उद्या कोण?” भागूबाई वळली. “माझ्याच आयनं सांगितलेलं, आणि ते मी तुझ्या भाषेत मागू? नाय मागायची!”

शर्वाणीने मास्तरांकडे पाहिलं. “जगभर अशीच पद्धत आहे, मास्तर. नाहीतर जोडलेलं काही सापडणारच नाही. माणसांनी थोडं शिकायला नको?”

“हवं की.”

मास्तर उठले. त्यांनी भागूबाईला शर्वाणीच्या खुर्चीत बसवलं. शर्वाणीच्या हातात वही दिली आणि जमिनीकडे बोट दाखवलं.

ती बसली. रागानेच.

“भागूबाई, आता विचार.”

“कुणाला?”

“हिला.”

भागूबाई खाली बसलेल्या शर्वाणीकडे वळली. मग म्हणाली, “कास सुजली की माझी आय म्हशीला काय लावायची?”

शर्वाणी लिहू लागली. आय... म्हैस... सूज... लावायची...

तिचा हात थांबला.

सगळे धागे त्या एका वाक्यात होते. तिनेच संगणकात जोडलेले. शास्त्रीय नाव तेवढं नव्हतं, आणि त्याची गरजही नव्हती.

ती उठली, संगणकात वेल शोधली, तिचं वाडीतलं नाव सांगितलं. भागूबाईने ते दोनदा पुटपुटलं आणि झपाझप डोंगराकडे निघाली.

शर्वाणी पुन्हा खाली बसली. हार मात्र तिने मानली नव्हती.

“ही एक झाली, मास्तर. प्रत्येक वाडीची बोली वेगळी, विचारायची तऱ्हा वेगळी. सगळ्यांचं ऐकत बसले तर जन्म जाईल माझा!”

मास्तर भागूबाई गेली त्या वाटेकडे बघत चपला घालत होते.

“...मग अजून इथंच बसलीस?”