चारशे जागा

“पण चूक दाखवा ना, मास्तर! एक तरी चूक दाखवा!”

काजू कारखान्याच्या विस्ताराच्या इंग्रजी अहवालाचं मराठी केलेला कागद घेऊन मिहीर तिसऱ्यांदा आला होता. आमच्या शेजारचे गोठोसकर मास्तर जन्मभर भाषांतरं करत आले, आणि त्यांची सही असल्याशिवाय कारखाना त्याचा कागद घेणार नव्हता. घेतला, तर मिहीरला तिथे कायमचं काम.

मी माझ्या ओट्यावर काजूगर सोलत होते. कान तिकडे नव्हते असं कशाला म्हणू?

मास्तर म्हणाले, “उद्या ग्रामसभेत हे ऐकून लोक चराईची जागा कारखान्याला देणार. काकूंना वाचून दाखव.”

“काकूंना?”

“वाच.”

त्याने नाखुशीनेच वाचलं. “विस्तारानंतर प्रत्यक्ष रोजगार साठ, अप्रत्यक्ष रोजगार चारशे.”

“अगो बाई, चारशे जागा!” मी हातातली सुरीच खाली ठेवली. “मग आमच्या सूनबाईचा अर्ज आजच देते. उद्या एक सोडून दोन्ही हात वर करते बघ!”

मिहीर कागदाची घडी घालू लागला.

“सांग त्यांना,” मास्तर म्हणाले. “चारशे कोण ते.”

“काकू… ते म्हणजे कारखान्यासाठी घरी काजू सोलणाऱ्या बायका.”

“म्हणजे आम्ही? आम्ही तर सोलतोच आहोत की रे, बारा वर्षं!”

“हो… त्यांनी तुम्हालाच मोजलंय.”

“मग नव्या जागा किती?”

“…चारशेत एकही नाही.”

माझ्या पुढ्यात अर्धी पाटी तशीच पडली होती.

मिहीर मास्तरांवर उखडला. “यात माझा काय दोष? अहवालात आहे तेच लिहिलं. ‘अप्रत्यक्ष रोजगार’ कोशातला शब्द आहे, सरकार वापरतं. अजून किती चकरा मारायला लावणार?”

“शब्द चोख आहे.”

“मग करा ना सही! संध्याकाळी कागद द्यायचाय!”

मास्तर उठले. कागद आणि पेन घेऊन सावकाश माझ्या ओट्याशी आले आणि दोन्ही माझ्यापुढे ठेवले.

“सही यांची घे.”

मिहीरने कपाळावर हात मारला. “अहो मास्तर, त्यांना मूळ अहवालातलं एक अक्षर कळत नाही!”

“म्हणून तर. उद्या त्या हात वर करणार, ते तुझ्याच शब्दांवर.”