दहा नंबरची चप्पल

माझी नात केतकी हिची उद्या कॉलेजच्या संघासाठी निवड चाचणी होती. संगणकावरच्या बंदुकांच्या खेळासाठी तिला छोटा माऊस हवा होता, म्हणून मी तिला घेऊन दुकानात गेलो. मोठा तिच्या मुठीत मावत नाही आणि नेम चुकतो. मी दोन विषयांत डॉक्टरेट केली आहे, तरी दुकानात कुणाशी वाद घालायचा म्हटलं की मला घाम फुटतो.

दुकानदार भडकमकर खुर्चीतूनच म्हणाले, "छोटा पोरांचा असतो. खेळाडूला मोठाच लागतो, मोठ्यात दम असतो. हाताला सवय होईल."

त्यांचंही बरोबर असेल, असं वाटून मी मान डोलावली.

मी दाराबाहेर काढून ठेवलेल्या माझ्या चपला केतकीने भडकमकरांना दाखवल्या. "काका, या घालून कोपऱ्यावरून पळत चहा घेऊन या ना."

"अगं, या दहा नंबरच्या! मला सहा लागतो. पायरीवरच आपटेन."

"मोठ्यात दम असतो, काका. पायाला सवय होईल."

भडकमकरांनी छोटा माऊस काढून दिला. चहाला निघताना मात्र त्यांनी दोनदा खाली बघून आपल्याच चपला घातल्या.