भिंतीपुढे उभा राहणारा

“बाईंनी विचारलंच नाही, तर सांगायचं कशाला, बाबा?”

उद्धव खटाणे नेमके हेच शब्द बोलला का, याची मला आता खात्री नाही. कदाचित तो “सांगायलाच हवं का?” असे म्हणाला असेल. दोन्हींत फरक आहे, आणि कायदा शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाने तो लक्षात ठेवायला हवा होता. पण माझे वय झाले आहे. लोकांची वाक्ये मी नकळत नीटनेटकी करून ठेवतो, असे माझी मुलगी म्हणते. तेव्हा जेवढे आठवते तेवढेच, जपून लिहितो.

गुलाबशा बाबा या फकिराचा तकिया, म्हणजे मठी, गावाबाहेर, जुन्या तळ्याच्या काठावर होता. एक खोली, पुढे लिंबाचे झाड, मागे काही कबरी. आश्विन लागला होता. पाऊस गेला होता, जमिनीतली ओल गेली नव्हती.

मी संध्याकाळी तिथे जाऊन बसत असे. बाबा मला मास्तर म्हणत. ‘प्राध्यापक’ म्हणण्याइतके दात आपल्याला उरले नाहीत, असे ते सांगत.

उद्धव लहानपणी बाबांच्या झोळीतले फुटाणे खाऊन वाढला होता. आता तो घरांचा एजंट होता. गावात त्याचे ऑफिस होते, काचेच्या दाराचे. त्या दिवशी तो पेढे घेऊन आला होता.

“उद्या एका घराचा विसार आहे,” तो म्हणाला होता. “दुआ द्या.”

“दिली. पण तू पेढा खाल्ला नाहीस.”

“नंतर खातो.”

“पेढ्याला नंतर म्हणणारं पोर तू कधीच नव्हतास.”

मग थोडे थोडे बाहेर आले. घर घेणाऱ्या कौसल्याबाई दुधभाते, बालवाडीच्या शिक्षिका. नवऱ्याला दमा. जिना चढवत नाही म्हणून तळमजल्यावरचे घर हवे होते. तसे मिळाले होते. फक्त मागच्या खोलीची भिंत ओल धरत होती. बिल्डरने वरून रंग मारून घेतला होता. दिवाळीपर्यंत काही दिसले नसते.

आणि मग तो प्रश्न, जो मी वर लिहिला.

बाबा माझ्याकडे पाहू लागले. मला वाटले, माझी पाळी आली.

“अशी गोष्ट लपवणं नियमात बसत नाही,” मी म्हणालो. “एजंटवर तशी जबाबदारी आहे.”

“नियम मला पाठ आहेत, सर.” उद्धवने खिशातून कार्ड काढले. “परीक्षा देऊन नोंदणी केलीय. हा बघा, नंबर छापलाय. निम्म्या एजंटांकडे हासुद्धा नाही.”

बाबांनी कार्ड हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले.

“हा नंबर देणारे घर बघायला येतात?”

“नाही.”

“तुला बघायला?”

“घरबसल्या मिळतो, बाबा.”

“आणि बाईनं तक्रार केली तर?”

उद्धवने माझ्याकडे बोट केले. “ते सरांना विचारा.”

“सुनावणी होते,” मी म्हणालो. “तारखा पडतात… वेळ लागतो.”

“तोवर तिच्या नवऱ्यानं श्वास घ्यायचा का थांबायचं?”

उद्धव हसला. “बाबा, धंदा तुम्हाला कळायचा नाही. घर विकणं ही कला आहे.”

“असेल.” बाबांनी कार्ड परत दिले. “मग ही माझी खोली मास्तरांना विकून दाखव.”

मला वाटले तो चिडेल. तो उठला. कॉलर नीट केली. क्षणात वेगळाच माणूस झाला.

“या सर, या. चपला राहू द्या पायात, आपलंच घर समजा. ही खिडकी बघा. समोर तळं. असा देखावा शहरात लाखो मोजून मिळत नाही.”

“वास येतो तळ्याचा,” मी म्हणालो.

“ताजी हवा म्हणतात त्याला, सर. तुम्ही बंद घरांत राहिलात, सवय नाही तुम्हाला.”

बाबा तोंडावर हात धरून ऐकत होते.

“शेजार कसा आहे?” मी विचारले. मलाही रंग चढला होता, असे आठवते.

“शेजाराची काळजीच नको. मागे कबरी आहेत. भांडण नाही, टीव्हीचा आवाज नाही, सोसायटीची मीटिंग नाही. इथून सोडून गेलेला एक शेजारी दाखवा.”

बोलता बोलता त्याने मोबाइल काढून कानाला लावला. फोन वाजलेला नव्हता.

“हां, बोला साहेब… नाही, नाही, आता जमायचं नाही. इथं एक प्रोफेसर बसलेत, त्यांना फार पसंत पडलंय… बरं, त्यांचं नाही ठरलं तर कळवतो.” मोबाइल खिशात टाकून तो मला हळूच म्हणाला, “घाई नाही सर. पण उद्या माझ्या हातात काही राहायचं नाही.”

बाबा हसता हसता खोकू लागले. खरे सांगायचे तर मी ती खोली घेतली असती.

हसणे ओसरले. बाबा डोळे पुसत म्हणाले, “सगळं दाखवलंस. मागची भिंत दाखवली नाहीस.”

मी पाहिले. उद्धव त्या भिंतीला पाठ लावून उभा होता. हात किंचित पसरलेले. तिथे जा असे त्याला कोणी सांगितले नव्हते. बोलता बोलता त्याची पावले आपोआप तिकडे गेली होती. तळ्याची ओल त्या भिंतीत कायम मुरत असे. उरुसाला चुना दिला होता, पण तो धरला नव्हता.

त्याच्याही ते लक्षात आले असावे. त्याचा चेहरा उतरला.

बाबा माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठले. त्याच्याजवळ जाऊन त्यांनी त्याला वळवले. सदऱ्याच्या पाठीवर ओला चुना बसला होता, खांद्यापासून कमरेपर्यंत.

बाबांनी तळहाताने तो झटकून पाहिला. ओला चुना झटकून जात नाही, पसरतो. मग त्यांनी आपल्या अंगावरच्या कापडाचा पदर घेतला आणि ते पुसत राहिले. कापड हिरवे होते असे मला वाटते. फकीर म्हटले की आपण हिरवेच धरतो, त्यामुळे शपथेवर सांगणार नाही.

“प्रत्येक घरात असाच उभा राहतोस का, बेटा?”

“…सवय झालीय.”

“पाठीला गार लागत नाही?”

उद्धव वळून पुन्हा तसाच उभा राहिला, भिंतीपुढे, मान खाली घालून.

मग म्हणाला, “बाईंना आता सांगितलं, तर बिल्डर मला दारात उभं करणार नाही, बाबा. त्याची सगळी घरं मीच विकतो. मी काय करू?”

बाबा येऊन आपल्या जागी बसले. पेढा मोडून अर्धा त्यांनी त्याच्यासाठी बाजूला ठेवला.

“आधी जरा बाजूला हो, बेटा. मास्तरांना घर दिसू दे.”

एवढेच. उद्धव निघून गेला. पेढा त्याने नेला की तिथेच राहिला, ते आठवत नाही. पुढच्या उन्हाळ्यात बाबा गेले आणि माझे तिकडे जाणे थांबले. उद्धवला मी कधी काही विचारले नाही. बाबांचे ते शेवटचे वाक्य खरोखर असे होते, की मीच नंतर मनात घडवले, ही शंका मात्र वर्षानुवर्षे राहिली.

काही वर्षांनी एका लग्नात माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक बाई येऊन बसल्या. सोबत नवरा होता, सावकाश चालणारा, हसऱ्या तोंडाचा. नाव ऐकून मी दचकलो. ओळख काढली आणि भीत भीत त्या घराचे विचारले.

ते घर त्यांनी घेतले नव्हते. पुढे उद्धवनेच दुसरे मिळवून दिले होते, तळमजल्याचेच, कोरडे.

“पहिल्या वेळी घर दाखवलं, तेव्हा खटाणे त्या मागच्या भिंतीला टेकूनच उभे होते,” कौसल्याबाई म्हणाल्या. “विसार द्यायच्या दिवशी मला पुन्हा तिथं घेऊन गेले. पुन्हा तिथंच जाऊन उभे राहिले. काही बोलेनात. मला वाटलं, बरं नाही की काय.”

मग उद्धव काय म्हणाला, ते मी त्यांच्याकडून दोनदा ऐकून घेतले. दोन्ही वेळा शब्द तेच होते.

“बाई, मी बाजूला होतो. आता बघा.”