बिकॉजचा हात

“...पण मग मलाच का खाली उतरवलंत, सर? वर्गात पहिला तर मी होतो.”

मुलाणी सर ओसरीवर सुपात शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुठून उतरवलं?”

“जूनपासून मी मेन क्लॉज होतो. दिवाळीनंतर तुम्ही मला बिकॉज केलंत, ते वर्ष संपेपर्यंत. आणि माझ्या जागी कोण, तर बिरा कोळेकर.”

सव्वीस वर्षांची तक्रार होती ती. विचारताना श्रीशैलचा आवाज आठवीतल्या पोरासारखा झाला होता.

श्रीशैल लिगाडे म्हणजे आमच्या गावाचं नाव काढलेला माणूस. इंग्रजी व्याकरणावरचं त्याचं पुस्तक नवव्या आवृत्तीत आहे आणि कोल्हापुरात त्याच्या क्लासला तीनतीनशे पोरं बसतात. शाळेला पन्नास वर्षं झाली म्हणून चार वाजता कार्यक्रम होता आणि सगळ्या माजी विद्यार्थ्यांच्या वतीने श्रीशैल सरांचे आभार मानणार होता. त्याआधी मला सोबत घेऊन तो सरांच्या घरी आला. मनात अढी ठेवून स्टेजवर हात जोडायचे म्हणजे नाटक झालं, असं तो गाडीत मला म्हणाला होता. मला ते पटलं होतं.

सरांचं शिकवणं कसं होतं ते सांगायला हवं. व्याकरण ते फळ्यावर शिकवत नसत, पटांगणात शिकवत. वाक्याचे तुकडे पाट्यांवर लिहून एकेकाच्या हातात द्यायचे. ज्याच्या पाटीवर क्रियापद नाही तो फ्रेज. त्याने खाली बसायचं आणि कुणाचा तरी सदरा धरायचा. मी वर्षभर ‘अंडर द ट्री’ होतो. बसायची सवय तेव्हा लागली ती लागली, आज पोस्टाच्या खिडकीमागे बसतो.

कर्ता आणि क्रियापद दोन्ही असेल तो क्लॉज. त्याने उभं राहायचं. पण उभ्यांतही फरक होता. मेन क्लॉज एकटा उभा राहायचा. ज्याची सुरुवात बिकॉज, इफ, व्हेन अशी, त्याने मेन क्लॉजच्या खांद्यावर हात ठेवल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. वाक्य संपलं की सर हातातलं डस्टर दगडावर आपटायचे. तो पूर्णविराम. तो पडेपर्यंत हात काढायचा नाही.

बिराच्या पाटीवर रोज एकच असायचं, ‘आय ॲम हिअर’. त्याची इंग्रजी त्या वाक्यापुढे गेलीच नाही.

“बिकॉज वाईट असतो का रे?” सरांनी विचारलं.

“वाईट नाही, अपुरा असतो. कर्ता आहे, क्रियापद आहे, सगळं आहे, तरी एकट्याला उभं राहता येत नाही. मी पोरांना हेच शिकवतो.”

“बरोबर शिकवतोस.”

श्रीशैलला ही शाबासकी रुचली नाही.

“आणि बिराला तर धड उभंही राहता यायचं नाही, सर. माझ्या हाताखाली त्याचा खांदा कापायचा. रोज. मी क्लासमध्ये सांगतो ना, आमच्या वर्गातला कापणारा मेन क्लॉज. पोरं पोट धरून हसतात.” त्याने खिशातल्या कागदावर बोट आपटलं. “आजच्या भाषणातही घेतलंय. जरा हलकंफुलकं.”

सरांचा हात सुपात थांबला.

“बिरा असेल ना समोर?”

“असेल. त्याला कुठलं वाईट वाटतंय.”

“हं... कधीपासून कापायचा खांदा?”

“पहिल्याच दिवसापासून. मी बिकॉज झालो त्या दिवसापासून.”

“म्हणजे दिवाळीची सुट्टी संपली तेव्हापासून.”

“हो.”

“त्या सुट्टीत काय झालं होतं?”

श्रीशैल खिशातल्या कागदाची घडी चाचपत राहिला. मला उत्तर माहीत होतं.

“आई गेली,” शेवटी तो म्हणाला.

मला ते दिवस चांगले आठवतात. सुट्टी संपली त्या दिवशी तो शाळेत हजर होता. डोळ्यांत टिपूस नाही. त्याच आठवड्यात चाचणी झाली, त्यात त्याला पैकीच्या पैकी. घट्ट काळजाचं पोरगं आहे, असं गाव म्हणायचं. मीही म्हणायचो, आणि थोडा जळायचोसुद्धा.

सरांनी सूप बाजूला ठेवलं.

“श्रीशैल... खांदा कापत होता, की हात?”

श्रीशैलने आपला उजवा हात मांडीवर उलटा करून पाहिला.

बाहेर टमटम थांबली. बिरा आत आला. तो आता गवंडी आहे, शाळेची नवी भिंत त्यानेच बांधली. अंगात कोरा सदरा होता, घडीच्या रेघा अजून तशाच होत्या, आणि कोपराला सिमेंट राहून गेलं होतं.

“सर, चला. चार वाजायला आलं.” मग त्याने श्रीशैलला पाहिलं. “आरं, तू कवा आलास?”

श्रीशैल उठून उभा राहिला.

“बिरा, एक विचारू? आठवीत... माझा हात कापायचा?”

बिराने सरांकडे पाहिलं. सर शेंगांची टरफलं गोळा करत होते.

“व्हय,” बिरा म्हणाला. “कापायचा की.”

“तुला माहीत होतं?”

“हात तुजा, पन खांदा माजा हुता न्हवं. मला न्हाई कळनार व्हय?”

“मग कधी बोलला का नाहीस? कुणाला?”

“बोलायचं काय त्यात?” बिरा जरा लाजला. “सरांनी सांगितलं हुतं, मेन क्लॉजनं हलायचं न्हाई. मला तेवढंच जमत हुतं.”

श्रीशैलने खिशातला कागद काढला. चार घड्या केल्या, आणखी दोन केल्या, आणि तो टरफलांच्या ढिगात टाकला.

मी त्या पटांगणात वर्षभर खाली बसून होतो. दोघंही माझ्या डोळ्यांसमोर उभे असायचे, आणि मला काहीच दिसलं नव्हतं. बघणारा एक माणूस आमच्या वाट्याला आला होता, आणि दुसरा न हलता उभा राहणारा. माझे डोळे भरून आले. आभार मानायचे ते याच दोघांचे, असं मला वाटलं.

“सर, मी भाषणात काय बोलू आता?” श्रीशैलने विचारलं.

“बोलून बघ इथंच,” सर म्हणाले. “बिरा, उभा राहा रे.”

बिरा अंगणात जाऊन उभा राहिला. पाय जुळवून, हात सरळ, पाटी धरल्यासारखा. चाळिशीचा माणूस, पण त्याला हसावं असं आम्हाला कुणालाच वाटलं नाही.

श्रीशैल त्याच्या मागे गेला. त्याने खांद्यावर हात ठेवला.

“आय ॲम हिअर,” बिरा म्हणाला. अगदी तसंच, तेव्हासारखं.

“बिकॉज...” श्रीशैल म्हणाला.

पुढचं येईना. तीनशे पोरांसमोर न अडखळणारा माणूस तो.

“बिकॉज...”

हात कापायला लागला. मला ओसरीवरून स्पष्ट दिसत होतं. बिरा समोर पाहत होता, तसूभरही हलला नाही. श्रीशैलच्या गालांवरून पाणी ओघळलं. त्याने ते पुसलं नाही, पण लाज वाटून खांद्यावरचा हात उचलू लागला.

सरांचा आवाज आला.

“हात काढू नकोस. मी अजून पूर्णविराम दिलेला नाही.”