तिळीचा मूग पुरचुंडीत गेला

ओट्यामागे भिंत. भिंतीला भेग. भेगेत राहायची तिळी मुंगी. तिळाएवढी! पण भारी संशयी. साखर सापडली तरी आधी म्हणायची, "हं! कुठेतरी पाणी मुरतंय!"

एकदा तिळीला एक मूग मिळाला. हिरवा हिरवा, टपोरा. तिळीने तो भिंतीवरून वर, भेगेकडे ढकलला. अजून ढकलला. आणि मूग गडगड गडगड... टुप्प! पडला खालच्या वाटीत!

वाटीत होते पमाआत्याचे भिजवलेले मूग. बाजारात भाजी झाली होती महाग. म्हणून आत्या घरीच मुगाला मोड आणत होती. तिने जुन्या साडीचं फडकं घेतलं. सगळे मूग त्यात ओतले. करकचून गाठ मारली. झाली पुरचुंडी!

"अगं आत्या, माझा मूग!" तिळी ओरडली.

आत्याला ऐकूच गेलं नाही.

तिळी निघाली. तुरु तुरु तुरु. पुरचुंडीपाशी आली.

"पुरचुंडी, पुरचुंडी, सूट ना!"

"का गं? चोर तर नाहीस ना?"

"मी नाही चोर! माझा मूग गेला पुरचुंडीत."

"असेल, नसेल. मूग मोड काढतील, तेव्हाच मी सुटीन."

तिळीने एक डोळा बारीक केला. "हं! कुठेतरी पाणी मुरतंय!"

मग तिने फडक्याला तोंड लावलं.

"मुगांनो, मुगांनो, मोड काढा ना!"

"का गं? चोर तर नाहीस ना?"

"मी नाही चोर! माझा मूग गेला पुरचुंडीत. पुरचुंडी सुटेना."

"असेल, नसेल. गडू पाणी देईल, तेव्हाच आम्ही मोड काढू."

"हं! कुठेतरी पाणी मुरतंय!"

तुरु तुरु तुरु. तिळी गडूपाशी गेली.

"गडू, गडू, पाणी दे ना!"

"का गं? चोर तर नाहीस ना?"

"मी नाही चोर! माझा मूग गेला पुरचुंडीत. पुरचुंडी सुटेना. मूग मोड काढेनात."

"असेल, नसेल. आत्या उठून मला उचलेल, तेव्हाच मी पाणी देईन."

"हं! कुठेतरी पाणी मुरतंय!"

तुरु तुरु तुरु. आत्या बाळाला थोपटत होती. तिळी थेट तिच्या कानावर चढली.

"आत्या, आत्या, ऊठ ना!"

"का गं? चोर तर नाहीस ना?"

"मी नाही चोर! माझा मूग गेला पुरचुंडीत. पुरचुंडी सुटेना. मूग मोड काढेनात. गडू पाणी देईना."

"असेल, नसेल. हळू बोल बाई! हा गोटू डोळे मिटून पडलाय ना, ते सोंग आहे सोंग! तो खरंच झोपेल, तेव्हाच मी उठीन."

तिळी गोटूच्या नाकावर गेली.

"गोटू, गोटू, झोप ना!"

गोटूने एकच डोळा उघडला. "का गं? चोल तल नाहीश ना?"

"मी नाही चोर! माझा मूग गेला पुरचुंडीत. पुरचुंडी सुटेना. मूग मोड काढेनात. गडू पाणी देईना. आत्या उठेना."

"अशेल, नशेल. मी झोपलो की आत्या पळणाल! मनी येऊन घुलघुलेल, तेव्हाच मी झोपीन."

तुरु तुरु तुरु. मनी मांजर चटईवर बसली होती. कान ताठ! मिश्या ताठ!

"मनी, मनी, घुरघुर ना!"

"का गं? चोर तर नाहीस ना?"

"मी नाही चोर! माझा मूग गेला पुरचुंडीत. पुरचुंडी सुटेना. मूग मोड काढेनात. गडू पाणी देईना. आत्या उठेना. गोटू झोपेना."

"श्श! चोर इथे आहे. या चटईखाली! बघ, कसा वळवळतोय! तो कोण ते कळेल, तेव्हाच मी हलीन."

तिळी झटकन मागे सरली. पण मूग तर हवाच! ती चटईखाली शिरली. आत काळोख. काहीतरी मऊ मऊ. केसाळ. लांबच लांब! तिळी त्यावरून चालली, चालली, चालली... आणि निघाली कुठे? मनीच्या पाठीवर!

"अगं मने! ही तर तुझीच शेपूट!"

मनी अशी लाजली! पळत गोटूपाशी गेली. घुर्र घुर्र घुर्र. मनी घुरघुरली, गोटू झोपला. गोटू झोपला, आत्या उठली. आत्या उठली, गडूने पाणी दिलं. शिप शिप शिप!

मूग गटागटा पाणी प्यायले. तिळी राखणीला बसली. एक डोळा मिटलेला, एक उघडा. एक दिवस गेला. एक रात्र गेली. मुगांनी मोड काढले. टुच्च! टुच्च! टुच्च! आणि पुरचुंडी सुटली. सर्र!

तिळीने आत पाहिलं. "अगं बाई! माझ्या मुगाला कुठे होती शेपूट? कुणीतरी बदलला!"

"तिळे, मीच तो," एक मूग म्हणाला. "पाणी प्यायलो, शेपूट फुटली."

तिळी त्याच्याभोवती फिरली. हुंगलं. चाटलं. पुन्हा हुंगलं.

आत्या हसली. "घेऊन जा गं. वाटीभर मुगांची टोपली भरली माझी!"

तिळीने मुगाची शेपूट धरली. घट्ट! आणि ओढली. आता मूग गडगडला नाही की पडला नाही. सर सर सर, तिळीच्या मागोमाग निघाला. भिंतीवरून वर. थेट भेगेत!

आणि मग भेगेतून आवाज आला,

कुरुम कुरुम कुरुम!